रांगेतल्या पहिल्याचं पत्र

प्रिय मित्रा,

लेकाला पहिली पक्की दाढ आली, असं तू लिहिलंस आणि माझं डोकं नेहमीप्रमाणे भलतीकडेच गेलं. आपल्या पोरांना ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते; चिंपांझीच्या पिल्लाला तीन-चार वर्षांतच. आपला कारभारच निवांत!

१९८४ साली केनियात, तुर्काना सरोवराजवळ, जीवाश्म शोधणाऱ्या कामोया किमेऊंना कवटीचा एक लहानसा तुकडा दिसला. पुढे खणता खणता जवळजवळ अख्खा सांगाडा निघाला. होमो इरेक्टसचा, म्हणजे माणसाच्या एका प्राचीन, नामशेष जातीचा मुलगा, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा, उंची १६० सेंटिमीटरच्या आसपास. हाडं बघून वाटावं, बारा-तेरा वर्षांचा असेल. पण दात बनत असताना इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या कडक आवरणात, रोज एक बारीक रेघ उमटते. त्या रेघांचा हिशेब लावला, तर वय आठ-नऊच! अंगानं तो आपल्या जवळ पोचला होता, बालपण मात्र आपल्याइतकं लांबलेलं नव्हतं. म्हणजे मोठं होणं वेगळं आणि सावकाश मोठं होणं वेगळं. माझं मन यातच अडकलंय.

आपण एवढे रेंगाळतो ते कशाला? पाचव्या वर्षाच्या सुमारास शरीर स्वस्थ असताना जी ऊर्जा लागते, तिच्यातली ६० टक्क्यांहून जास्त एकटा मेंदू फस्त करतो. उंची-वजनाची वाढ साधारण तेव्हाच सगळ्यात मंद असते. पोराच्या अंगाला काही लागत नाही म्हणून कुरकुरत होतास ना? अरे, डोक्याला लागत होतं!

काही समाजांतली माणसं बुटकीच का राहतात, हे कोडं मात्र सुटता सुटत नाही. मरण लवकर गाठणार असेल, तर वाढ लवकर आटपून मुलं लवकर झालेली बरी, उंची त्या घाईत राहून जाते, असं एक मत आहे. मला ते पटतं, पण अर्धंच. आफ्रिकेतल्या जंगलांतले एफे आणि बाका हे दोन समाज, दोघेही बुटके. एफेंची बाळं जन्मतःच लहान. बाकांची जन्मताना नेहमीच्या मापाची, पण पहिल्या दोन वर्षांत मागे पडतात. तिथे वाढ लवकर थांबण्याचा प्रश्नच कुठे येतो?

उंचीप्रमाणे लावलेल्या आपल्या रांगेत मी पहिला, तू शेवटचा. माझं बुटकेपण यातल्या कुठल्या खात्यात जातं, कोण जाणे. आई-बाबांनी कधी खुणा करून ठेवल्या नाहीत. तू मात्र दारामागे पेन्सिलीनं लेकाची उंची मांडत जा. तारखेसकट.

तुझाच,
रांगेतला पहिला