बँको का बोलला नाही

फोंडा, रविवार

प्रिय बाबल,

पत्राला फार उशीर झाला, चिडला असशील. माझी साखर ताब्यात आहे, आई बरी आहे. आता मुद्द्याचं.

मास्तरांनी आपल्या नाटक मंडळात शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' बसवायला घेतलंय आणि बँको, मॅकबेथचा जोडीदार सेनापती, मला दिलाय. हो, तोच बँको, ज्याच्यावरून भांडताना मडगावला आपली शेवटची कदंब बस चुकली होती! तू म्हणायचास, बँको म्हणजे निष्ठेचा पुतळा. चेटकिणींनी दोघांनाही भविष्य सांगितलं, मॅकबेथ राजा होणार आणि बँकोच्या वंशात राजे होणार; पण राजाला मारायला खंजीर एकट्या मॅकबेथने उचलला, विषय संपला. माझ्या मते तो तेव्हाही संपत नव्हता, आजही नाही.

दुसऱ्या अंकातली ती मध्यरात्र आठव. बँको आपली तलवार मुलाच्या, फ्लीअन्सच्या हाती देतो, झोपेत येणारे नको ते विचार आवर म्हणून देवाला विनवतो. तेवढ्यात पाऊल वाजतं आणि लगेच, 'माझी तलवार दे!' मोह त्यालाही आहे. तरी मॅकबेथ मानाचं आमिष दाखवतो तेव्हा तो स्पष्ट सांगतो, इमान निर्मळ राहणार असेल तरच. इथवर तुझं खरं. पण तिसऱ्या अंकाची सुरुवात? रंगमंचावर तो एकटा. मॅकबेथने घाणेरडा डाव खेळून गादी मिळवली असा त्याला दाट संशय आहे. आणि त्याच दमात विचार काय, तर त्याचं भविष्य खरं ठरलं, मग माझ्या वंशात राजे होणार हे का नाही ठरणार? मग स्वतःलाच 'चूप!' खुनी राजा समोर येतो आणि हा अदबीने मेजवानीचं आमंत्रण घेतो. शेक्सपिअरने ज्यावरून कथा घेतली त्या होलिनशेडच्या इतिहासात तर बँको खुनात सामील आहे. शेक्सपिअरने त्याला त्यातून सोडवला. 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स बँकोचा वंशज मानला जायचा ना! पण ते गप्प बसणं तसंच ठेवलं.

तुलाच का लिहितोय? मंडळात मास्तरांना बाजूला सारायचं घाटतंय. कोण, ते तुला नावाशिवाय कळेल. त्याची हाव मला कळते. पोरात गुण आहेत, दम नाही. मला छळतोय तो दुसरा, ज्याच्या तोंडाला पहिला रंग मास्तरांनी लावला. त्याला सगळं ठाऊक आहे. परवा देवळाच्या अग्रशाळेत तालीम संपल्यावर त्याने मास्तरांचा चष्मा पुसून दिला, भर पावसात छत्री धरून त्यांना गाडीत बसवलं आणि परत येऊन मला म्हणाला, 'आपण कशाला मध्ये पडायचं? पुढच्या नाटकात मुख्य भूमिका मला आहे.' बाबल, अंगावर काटा आला.

मी मास्तरांना सांगणार आहे, गणेश चवथीच्या आधी. मंडळ फुटलं तर फुटू दे. पण या वयात त्यांना हे सोसेल का? त्या दुसऱ्याला त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवलाय. नाटकातला सरदार मॅकडफ देशासाठी धावला आणि मागे त्याची बायकापोरं मारली गेली. मरायच्या आधी बायकोला तर तो पळपुटाच वाटला. माझ्या सांगण्याची झळ मास्तरांनाच बसली तर?

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींची बदली? चवथीला या, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला उंच माणूस लागतोच.

मास्तर तुझं ऐकतात. दोघांनी मिळून सांगितलं तर त्यांना एकटं वाटणार नाही. बुधवारी तालीम नाही, रात्री फोन कर.

तुझा,
भाई