आबा, इथंही सोसायटीच आहे

ग्रीनबेल्ट, मेरीलँड
१४ सप्टेंबर

तीर्थरूप आबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, हे आधी सांगते. आई, व्हिडिओवर मी बारीक दिसते ते इथल्या दिव्यामुळं. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी होते, सर्दी गेली. ऑफिसचं आणि स्वयंपाकाचं सगळं तुला पाठच आहे, ते परत लिहीत नाही.

पत्र लिहायला बसले ते आबांसाठी. परवा त्यांनी विचारलं, "वॉशिंग्टन सोडून असल्या आडगावात राहतेस, त्या गावाला काही आगापिछा तरी आहे का?" फोनवर मला धड सांगता आलं नाही. आगापिछा आहे आबा, आणि तो तुम्हालाच सगळ्यात जास्त आवडेल.

मंदीच्या काळात इथं लोकांना ना काम होतं ना परवडणारं घर. तेव्हा रूझवेल्ट सरकारातल्या रेक्सफर्ड टगवेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं ठरवलं, की शहराबाहेर स्वस्त जमीन घ्यायची, बेकारांच्या हाताला काम द्यायचं आणि कमी पगारवाल्यांसाठी आखीव गाव वसवायचं. तंबाखू घेऊन घेऊन कस गेलेली इथली जमीन त्यासाठी घेतली. काम १९३५ मध्ये सुरू झालं. मी संध्याकाळी फिरते ते तळंही त्याच मजुरांनी केलेलं आहे. घरं बांधली ८८५ आणि अर्ज आले पाच हजारांच्या वर. निवडताना पगार तर बघितलाच, शिवाय हे कुटुंब गावाच्या कामात भाग घेईल का, हेही विचारलं. ३० सप्टेंबर १९३७ ला पहिली कुटुंबं राहायला आली.

आता तुमचा विषय. तेव्हा गावातलं वाणसामानाचं दुकान, पेट्रोलपंप, न्हाव्याचं दुकान, सिनेमा थिएटर, सगळं सहकारी होतं! बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांच्या संस्थेनं सुरुवातीचं भांडवल दिलं आणि १९४० साली लोकांनी शेअर घेऊन कारभार आपल्या हाती घेतला. विठ्ठलराव विख्यांचा प्रवरेचा कारखाना सुरू झाला १९५० ला. म्हणजे तुम्ही आम्हाला लहानपणी ज्या गोष्टी सांगायचात त्याच गोष्टी त्याच्याही आधी इथली माणसं करत होती. शाळेतल्या पोरांनीसुद्धा गोळ्या-चॉकलेटची आपली सहकारी संस्था काढली होती. पुढं १९८४ मध्ये जुनी संस्था वाणसामानाचं दुकान सोडून निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी नवी संस्था काढून दुकान आणि औषधालय ताब्यात घेतलं. तिथं गेले की तुमची विकास सोसायटी आठवते. फळीवरच्या नोटिसा, सभेची तारीख, संचालकांची नावं, सगळं तसंच. गल्ल्यावरच्या बाईंना मी सांगून टाकलं, माझे वडील पस्तीस वर्षं सोसायटीचे सचिव होते म्हणून. त्यांनी उठून हात मिळवला. तुमच्या नावानं कुणी असा मान दिला की मला इथं फार बरं वाटतं.

गावाचं साप्ताहिकही १९३७ पासून चालू आहे आणि घरोघर फुकट येतं. बरेचसे लोक बिनपगारी त्यात राबतात. एकदा एका बिल्डरनं त्याच्यावर दावा लावला. गावच्या जाहीर सभेत लोकांनी त्या बिल्डरच्या सौद्याला "ब्लॅकमेल" म्हटलं होतं आणि पेपरनं ते जसंच्या तसं छापलं होतं. खालच्या कोर्टानं साडेसतरा हजार डॉलरची भरपाई लावली. एवढा पैसा या पेपरानं कुठून आणायचा? पण ते मागं हटले नाहीत. वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७० मध्ये जिंकले. आजही वकिलीच्या वर्गात हा खटला शिकवतात.

आई, तुला एक गंमत सविस्तर सांगते, कारण मला अजून तिची सवय झालेली नाही. इथल्या घरांचं तोंड रस्त्याकडं नसतं. रस्त्याच्या अंगाला स्वयंपाकघर, कचऱ्याच्या पेट्या आणि गाडी. त्या बाजूला "सर्व्हिस साइड" म्हणतात. बैठकीची खोली मागं, हिरवळीकडं. ती "गार्डन साइड". तिकडून फक्त पायवाट जाते, वाहन नाही. म्हणजे आपण ज्याला परसदार म्हणू ते रस्त्यावर आणि आपलं अंगण आत. आता पाहुण्यानं यायचं कुठून? सामान देणारा माणूस रस्त्याकडून येतो, शेजारीण आतल्या अंगानं येते, आणि कुणी "दारात उभी आहे" म्हणून फोन केला तर आधी विचारावं लागतं, कुठल्या दारात? पत्ता सांगतानाही बाजू सांगायची. आम्ही सगळे दोन्ही दारांना पायपुसणं ठेवतो. दिवाळीत रांगोळी आतल्या दाराशी काढली, कारण माणसं तिथून जातात, आणि पणत्या दोन्हीकडं लावल्या. सुरुवातीच्या काळात तर दुपारी चारनंतर आणि रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, असाही नियम होता. तू असतीस तर पहिल्याच आठवड्यात सभेत उभी राहून भांडली असतीस.

पण या उलट्या घरांमुळंच मी सुरक्षित आहे, हे ध्यानात घे. पायवाटा रस्त्याच्या खालून बोगद्यानं जातात. पोरांनी घरातून शाळेत, दुकानात, तळ्यावर जावं आणि मोटार आडवी येऊ नये, असाच गावाचा आराखडा केला. टीव्हीवर वॉशिंग्टनची बातमी आली की लगेच फोन करू नकोस. मेट्रो गावापर्यंत येते आणि रात्री उशीर झाला तर मी टॅक्सी करते. एकटी राहते म्हणजे एकाकी राहते असं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला धरून गावाची जत्रा असते, १९५५ पासून. यंदा वाचनालयाच्या स्टॉलवर मीही उभी होते.

आबा, एक गोष्ट मात्र मला सलते आणि ती तुमच्यापासून लपवायची नाही. हे गाव बांधणाऱ्या मजुरांत काळे लोक होते, पण घर मिळालं फक्त गोऱ्यांना. समतेच्या गोष्टी करणाऱ्या सरकारनंच हा नियम ठेवला. वाचलं तेव्हा आपल्या गावकुसाबाहेरची वस्ती डोळ्यासमोर आली. विहीर खणायला त्यांना बोलवायचं, पाणी भरायला नाही. आज इथं सुमारे २५ हजार लोक राहतात, त्यांत काळे, लॅटिनो, आफ्रिकेतून आलेले, आपल्यासारखे, सगळे आहेत. २०२१ मध्ये गावानं मतदान घेऊन या अन्यायाची भरपाई कशी करता येईल, याचा अभ्यास करायला आयोग नेमायचं ठरवलं. नुसतं मन मोठं असून चालत नाही, नियम बदलावा लागतो, असं तुम्हीच म्हणायचात.

आता घरच्या गोष्टी. कागद संपत आला आणि महत्त्वाचं सगळं राहिलंच आहे.

सरकारनं १९५२ मध्ये ही घरं रहिवाशांच्या सहकारी संस्थेला विकली. आज तिची सुमारे १,६०० घरं आहेत. घर आणि जमीन संस्थेच्या मालकीची, आपण सभासद होऊन कायम राहायचा हक्क घ्यायचा, महिन्याला देखभालीचे पैसे भरायचे. मी अर्ज केला होता, तो मंजूर झालाय. १९४१ मध्ये युद्धाच्या कामावरच्या कामगारांसाठी बांधलेल्या लाकडी घरांपैकी एक, दोन खोल्यांचं. बाहेरच्या घरांपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. आबा, घर घेतलं म्हणजे मी परत येणार नाही, असा अर्थ काढू नका. सोडताना हक्क विकता येतो. भाड्यात जाणारा पैसा वाचेल, एवढाच हिशोब आहे. हा हिशोब मी स्वतःलाही पुन्हा पुन्हा सांगते.

सागरच्या लग्नाला मला येता येणार नाही. व्हिसाचा शिक्का नव्यानं घ्यावा लागेल आणि तो वेळेत मिळाला नाही तर नोकरी अडकेल. वकिलांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलंय. हळदीला मी नसेन, हे लिहितानाच हात थांबतो. करवलीचा मान आत्याच्या स्नेहलला द्या. सागरला मी स्वतः फोन करून सांगते, तोवर तुम्ही काही बोलू नका.

आणि आई, कोल्हापूरच्या स्थळाला माझी पत्रिका देऊ नकोस. मुलगा वाईट आहे असं नाही. पण "पुढच्या वर्षी येईल" या भरवशावर कुणाला थांबवून ठेवणं मला पटत नाही. काकू विचारतील, त्यांना सांग की नाही मी म्हटलं, तू नाही.

घराची उस्तवार आणि पाऊसपाणी कळवा. आबा, गुडघ्याचं पुढं ढकलू नका.

तुमची,
वैशाली

ता. क. आईच्या खात्यावर दोन लाख पाठवलेत. घराला दिलेले पैसे वेगळे आहेत, यातले नाहीत. हॉलची अनामत आणि वहिनीचं मंगळसूत्र यातूनच करा. कमी पडले तर उसने घेऊ नका, मला सांगा. दिवाळीच्या आधी अजून पाठवू शकेन.