‘मायदेशी परतले’ कसे म्हणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर कोरियावरील लेखात जपानमधले कोरियन ‘मायदेशी परतले’ असे एका ओळीत आटोपले आहे. 1959 ते 1984 या काळात जपानच्या निगाता बंदरातून उत्तर कोरियातल्या चोंगजिन बंदराला 93,340 माणसे गेली. त्यातल्या बहुतेकांचे मूळ गाव दक्षिण कोरियातले, ग्योंगसांग प्रांतातले नाहीतर जेजू बेटावरचे. उत्तरेत त्यांचे ना घर होते, ना भाऊबंद. सोबत या कोरियनांशी लग्न केलेल्या सुमारे 1,800 जपानी बायका होत्या. त्यांना तर तो मुलूखच परका.

या पाठवणीचा जपान आणि उत्तर कोरियाच्या रेडक्रॉसमधला करार 13 ऑगस्ट 1959 रोजी आपल्याच कोलकात्यात झाला, हेही लेखात यायला हवे होते. 1952 मध्ये जपानी नागरिकत्व गेल्यामुळे जपानमधल्या कोरियनांना ना पेन्शन होती, ना सरकारी आरोग्य विमा. जपान सरकारला हा भार नको होता, उत्तर कोरियाच्या सरकारला काम करणारे हात हवे होते. छोंगर्योन या जपानमधल्या उत्तर कोरियावादी कोरियनांच्या संघटनेने उत्तर कोरिया म्हणजे ‘पृथ्वीवरचा स्वर्ग’ असा प्रचार केला.

माणसे स्वखुशीने गेली, असे नेहमी सांगतात. ती खुशी विचारली कशी, ते पाहा. नगरपालिकेत अर्ज, मग रेल्वेने निगाता, तिथल्या केंद्रात काही दिवस मुक्काम आणि बोटीत चढण्याआधी ‘जायचे ना?’ हा प्रश्न. तोही अख्ख्या कुटुंबाला एकत्र. घर मोडून, सामान बांधून आलेली बाई नवऱ्यापोरांदेखत ‘नाही’ कशी म्हणणार? विचारपूस याहून कडक ठरली होती, पण छोंगर्योनने बहिष्कार टाकल्यावर ऑक्टोबरात नियम सैल केले गेले.

खरी हकिगत तिकडून आलेल्या पत्रांतून कळली. पत्रे तपासली जात, म्हणून काहींनी निघण्यापूर्वीच खूण ठरवली होती: फोटोत उभे असलो तर या, बसलेलो असलो तर येऊ नका. 1960 मध्ये सुमारे 49 हजार गेले होते, 1962 मध्ये जेमतेम साडेतीन हजार.

तीन वर्षांनी माहेरी येता येईल, असे या जपानी बायकांना सांगितले होते. पहिली तुकडी आली नोव्हेंबर 1997 मध्ये, पंधराजणींची. 2000 पर्यंतच्या तिन्ही फेऱ्या धरून त्रेचाळीस. बाकीच्यांना आईबापांचे शेवटचे दर्शनही झाले नाही. कृपया पुढच्या लेखात ‘परतले’ऐवजी ‘नेले गेले’ किंवा निदान ‘गेले’ एवढेच छापावे.

आपला,
एक वाचक, पुणे