पाण्यातल्या ऑक्सिजनचा आकडा छापताना तापमान पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पाणी तपासणीवर लेख आला होता. लेख चांगलाच होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की डीओ मीटरचा प्रोब पाण्यात बुडवला की पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा लगेच स्क्रीनवर येतो, शाळेतलं पोरगंसुद्धा हे काम करेल. आकडा येतो हे खरंय. प्रोब नुसता हवेत टांगून ठेवला तरी आकडा येतोच. तो आकडा कशाचा आहे हा प्रश्न आहे, आणि मी बरीच वर्षं लॅबमध्ये टेबलावरचा डीओ मीटर वापरतोय, त्याच्याकडून फसलोय पण, म्हणून गप्प बसवेना.

मुळात हा मीटर मिलिग्रॅम मोजतच नाही. प्रोबच्या टोकाला एक पातळ मेम्ब्रेन (पडदा) असतो, त्याच्या मागे इलेक्ट्रोलाइट (करंट वाहून नेणारं द्रावण) आणि दोन इलेक्ट्रोड, पाण्यातला ऑक्सिजन मेम्ब्रेनमधून आत झिरपतो आणि त्यातल्या एका इलेक्ट्रोडवर, कॅथोडवर, संपतो, त्यातून जो अगदी बारीक करंट येतो तेवढाच मीटरला कळतो. (ही रचना लेलंड क्लार्क यांची, १९५६ च्या सुमाराची, आणि त्यांना नदी-तळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, रक्तातला ऑक्सिजन मोजायचा होता.) तर करंटवरून कळतो तो ऑक्सिजनचा दाब. मिलिग्रॅम प्रति लिटर हा आकडा मीटर नंतर हिशोब करून काढतो, त्यात पाण्याचं तापमान धरतो आणि खारटपणा आपण टाकला असेल तर तोही धरतो. म्हणजे मीटरमधलं थर्मामीटर १ अंशाने चुकलं तर ऑक्सिजनही चुकला, आणि हे थर्मामीटर कोणी तपासून बघितलंय असं मला फार कमी ठिकाणी दिसलंय.

आता तुमच्या लेखातला "साडेसात ऑक्सिजन, म्हणजे उत्तम" हा भाग घ्या. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मुरतो ते तापमानावर ठरतं, ० अंशाला १४.६२, १० अंशाला ११.२९, २० अंशाला ९.०९ आणि ३० अंशाला ७.५६ मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे ३० अंशाच्या पाण्यात साडेसात आले तर ते पाणी जवळपास काठोकाठ भरलंय, आणि तेच साडेसात १० अंशाच्या पाण्यात आले तर एक तृतीयांश जागा रिकामी आहे, कुठंतरी काहीतरी ऑक्सिजन खातंय. समुद्राच्या पाण्यात तर आणखी कमी मावतो, २५ अंशाला गोड्या पाण्यात ८.२६ तर खाऱ्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. नुसता साडेसात छापून वाचकाला काय कळणार?

कॅलिब्रेशनकडे, म्हणजे आधीच माहीत असलेल्या आकड्याशी मीटर जुळवून घेण्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. नवीन माणसाला वाटतं कॅलिब्रेशन म्हणजे कुठलं तरी खास सोल्युशन विकत आणायचं, पीएच मीटरच्या बफरसारखं. तसं काही लागत नाही, हवाच पुरते. बीओडीच्या (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ती तपासणी) ३०० मिलीच्या बाटलीत बोटभर पाणी घ्यायचं, हलवायचं, म्हणजे आतली हवा वाफेने पूर्ण भरते, मग प्रोब त्यात अडकवायचा, पाण्याला टेकवायचा नाही. मेम्ब्रेनवर थेंब असेल तर आधी हलकेच टिपून घ्यायचा, थेंब राहिला की रीडिंग चुकलं. मग थांबायचं. हे थांबणं लोकांच्याने होत नाही. प्रोब, बाटली, आतली हवा सगळं एका तापमानाला यायला ५ ते १० मिनिटं लागतात, आणि लोक २० सेकंदात बटण दाबून मोकळे होतात, मीटरवर १००% (सॅच्युरेशन, म्हणजे मावतो तेवढा सगळा ऑक्सिजन) दिसलं की झालं समाधान. अहो, तुम्ही बटण दाबून त्याला सांगितलंत की हे शंभर आहे, मग तो शंभरच दाखवणार ना!

आणि आता माझीच फजिती सांगतो.

आमची लॅब समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. मीटर जुना, त्याला स्वतःचा बॅरोमीटर नाही, कॅलिब्रेशनच्या वेळी हवेचा दाब हाताने टाकावा लागतो, कारण दाब कमी असला की पाण्यात ऑक्सिजनही कमी मुरतो. मी रोज सकाळी फोनवर हवामानाचं अॅप उघडायचो, १०१० मिलिबार वगैरे दिसायचं, म्हणजे ७५८ मिलिमीटर पारा, ते टाकायचो, बटण दाबायचो. मग खात्री म्हणून २० अंशाला ठेवलेलं, हवा मारून तयार केलेलं डायल्युशन वॉटर (सॅम्पल पातळ करायचं पाणी) मोजायचो तर ९.० यायचं, भिंतीवरच्या तक्त्यात २० अंशासमोर ९.०९, म्हटलं वा, मीटर एकदम फर्स्ट क्लास चाललाय. असं कित्येक महिने चाललं. मग एक नवीन मुलगी लागली कामाला, तिने कॅलिब्रेट केलं की त्याच पाण्याचं रीडिंग ८.४ यायचं, आणि मी तिला दोनदा झापलं की तक्ता बघ, तुझं जवळपास ७ दशांशाने कमी येतंय, मेम्ब्रेन नीट बसवला नाहीस. ती बिचारी मेम्ब्रेन बदलायची, परत ८.४. शेवटी म्हणाली, सर, अॅपमधला दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो ना, आपण तर वर आहोत.

मला पटलं नाही. मी म्हटलं टायट्रेशन करू. रसायनं टाकून ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ पासून आहे आणि तिला ना मेम्ब्रेन लागतो ना हवेचा दाब. बाटलीत मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड टाकायचं, तपकिरी साका बसतो, सल्फ्युरिक अॅसिड टाकलं की तो विरघळून पिवळं आयोडिन सुटतं, मग स्टार्च घालून थायोसल्फेटने निळा रंग जाईपर्यंत टायट्रेट. आलं ८.४. मी थायोसल्फेटवर संशय घेतला, त्याची नेमकी ताकद परत तपासून (स्टँडर्डाइझ करून) आणली, परत ८.४. मग गुपचूप बसलो.

झालं होतं काय, तर ६०० मीटरवर खरा दाब ७०८ मिलिमीटरच्या आसपास असतो, ७५८ नाही. हवामानाच्या बातम्यांत आणि अॅपमध्ये दिसणारा आकडा सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून समुद्रसपाटीला आणलेला असतो, तो मीटरमध्ये टाकायचा नसतोच (फोनमध्ये स्वतःचा दाबाचा सेन्सर असेल आणि त्याचं कच्चं रीडिंग बघता येत असेल तर ती गोष्ट वेगळी, ते चालेल). मी ७५८ टाकल्यामुळे मीटर सगळंच ७ टक्के चढवून दाखवत होता. आणि भिंतीवरचा तक्ता होता समुद्रसपाटीचा! चूक दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे आकडे छान जुळत होते, आणि जिचं बरोबर होतं तिला मी झापत होतो. तिची माफी मागितली, तक्ता काढून टाकला, आता तिथं आमच्या उंचीचा तक्ता आहे.

७ टक्क्यांनी काय होतं असं कोणी म्हणेल. बीओडीत बघा काय होतं. सांडपाण्याचं ३ मिली सॅम्पल ३०० मिलीच्या बाटलीत घेतलं, पहिल्या दिवशी ऑक्सिजन मोजला, ५ दिवस २० अंशाला अंधारात इनक्युबेटरमध्ये ठेवलं, परत मोजला, दोन रीडिंगमधल्या फरकाला १०० ने गुणलं की झाली बीओडी. समजा खरी रीडिंग ८.४ आणि ४.२, म्हणजे बीओडी ४२०. दोन्ही रीडिंग मी घेतली असती तर ९.० आणि ४.५, बीओडी ४५०. सोमवारी तिने घेतलं आणि शनिवारी मी, तर ८.४ वजा ४.५, बीओडी ३९०. आणि उलटं झालं तर ९.० वजा ४.२, म्हणजे ४८०. एकच सॅम्पल, एकच मीटर, ३९० पासून ४८० पर्यंत काहीही, ते पण सॅम्पलमध्ये काहीच फरक नसताना. दरवेळी एकाच पद्धतीने चुकलं तर निदान चूक एका बाजूला असते, दोन माणसं दोन पद्धतीने चुकली की काही अर्थच उरत नाही.

बाकीच्या भानगडी थोडक्यात सांगतो. करंटवाला प्रोब मोजता मोजता स्वतःच ऑक्सिजन खातो, त्यामुळे पाणी स्थिर असेल तर मेम्ब्रेनजवळचा ऑक्सिजन संपत जातो आणि रीडिंग हळूहळू खाली सरकतं, म्हणून पाणी ढवळायला स्टरर लागतो, पण इतका जोरात नाही की भोवरा होऊन हवा आत ओढली जाईल. मेम्ब्रेनखाली बुडबुडा राहिला तर रीडिंग उड्या मारतं, मेम्ब्रेनला सुरकुती असेल तर तो काढून नवीनच बसवा, ताणून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. पोलॅरोग्राफिक प्रोब (ज्याला मीटरकडून व्होल्टेज लागतं तो) असेल तर मीटर चालू करून १०-१५ मिनिटं तरी तापू द्यायला लागतो, गॅल्व्हॅनिक (बॅटरीसारखं स्वतःच व्होल्टेज तयार करणारा) असेल तर लगेच तयार, पण तो मीटर बंद असतानाही आतल्या आत झिजत राहतो. हल्ली ऑप्टिकलवाले आलेत, निळा उजेड टाकून रंगद्रव्य लाल चमकतं आणि ऑक्सिजन जास्त असला की ती चमक लवकर विझते, त्यावरून मोजतात. ते ऑक्सिजन खात नाहीत, इलेक्ट्रोलाइट भरायची कटकट नाही, मला आवडतात. पण हवेचा दाब त्यांनाही बरोबरच लागतो, आणि प्रोबच्या टोकाची रंगद्रव्याची टोपी जुनी झाली की बदलायला लागते, हे विकणारा सांगतो पण वापरणारा विसरतो.

आणि १००% च्या वर आकडा गेला की लगेच मीटर खराब म्हणू नका. शेवाळाने हिरवं झालेलं तळं भर दुपारी १३० टक्के पण दाखवतं, शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि तो हवेत निसटायला वेळ लागतो. तेच तळं पहाटे मोजा, रात्रभर सगळ्यांनी श्वास घेऊन ऑक्सिजन अगदी कमी झालेला असतो, मासे मरतात ते बहुतेक त्याच वेळेला. म्हणून दुपारी २ वाजता जाऊन मोजायचं आणि "पाण्यात भरपूर ऑक्सिजन, मग मासे मेले कसे" असं छापायचं यात मीटरची चूक नाही.

तर माझी मागणी एवढीच आहे की इथून पुढं पेपरात डीओचा आकडा छापताना सोबत पाण्याचं तापमान, मोजल्याची वेळ, आणि शक्य असेल तर सॅच्युरेशनचे टक्के एवढं छापा, अर्धी ओळ जास्त लागेल. आणि आकडा देणाऱ्याला एकदा विचारा, मीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट केला आणि दाब कुठून घेतला. "अॅपमधून" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा, तुमची लॅब किती उंचीवर आहे.

आपला,
डीओ मीटरवर काम करणारा एक वाचक

ता. क. — शून्याचं राहिलं. शंभराला बरोबर असलेला प्रोब शून्याला बरोबर असेलच असं नाही, आणि कमी ऑक्सिजनवाल्या पाण्यात तोच फरक महागात पडतो. पाण्यात सोडियम सल्फाइट विरघळवायचं, किंचित कोबाल्ट क्लोराइड टाकायचं, प्रोब त्यात ठेवला की काही मिनिटांत रीडिंग ०.१-०.२ च्या खाली यायला पाहिजे. नाही आलं तर आधी सोल्युशन ताजं करून बघा, झाकण उघडं राहिलेलं सल्फाइट हवेतला ऑक्सिजन घेऊन संपून जातं, आम्ही एकदा त्या नादात चांगला प्रोब खोलून बसलो होतो. आणि नंतर प्रोब भरपूर पाण्याने धुवा, मेम्ब्रेनला सल्फाइट चिकटून राहिलं तर पुढची दोन-तीन रीडिंग कमीच येणार.