संध्याकाळी साडेसहाची व्हीसी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीतल्या ताणाविषयी आपल्या दैनिकात येणारी पत्रं मी रोज वाचते. बहुतेकांचा रोख कामाच्या तासांवर आहे. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं, जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं बाहेर आलं, आणि तेव्हापासून वाद तासांभोवतीच फिरतो आहे. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत 36 वर्षं नोकरी केली. शेवटची 11 वर्षं शाखा व्यवस्थापक होते, 2021 मध्ये निवृत्त झाले. माझा अनुभव तासांबद्दल वेगळंच सांगतो: माणूस तासांनी नाही, वरिष्ठांच्या वागण्याने खचतो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. आमच्या शाखेत छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सात जण रोज बारा-चौदा तास राबत होतो. लॉकरच्या खोलीतला गाळ काढायचा, कर्जाच्या फायली गच्चीवर वाळत घालायच्या, शिवाय गावातल्या निम्म्या लोकांचं पासबुक, एटीएम कार्ड, आधार सगळंच वाहून गेलेलं, त्यामुळे दारात रांग. कुणाच्याही तोंडून तक्रार निघाली नाही. शिपाईमामांचं स्वतःचं घर पाण्यात होतं, तरी ते सकाळी सातला हजर असत.

त्या आठवड्यात आमच्या रिजनल मॅनेजर साहेबांनी केलेला पहिला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. "मॅडम, घरचे सगळे सुखरूप आहेत ना? स्टाफपैकी कुणाचं घर गेलंय?" बस. ठेवींचा आकडा नाही, वसुली नाही. तिमाही आढावा त्यांनी स्वतःच्या अधिकारात पुढे ढकलला. चौथ्या दिवशी ते स्वतः आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि दुपारभर काउंटरवर बसून लोकांचे अर्ज भरून देत राहिले. त्यांनी आम्हाला "आपण एक कुटुंब आहोत" वगैरे काही सांगितलं नाही. त्या वर्षी मार्चअखेर आमची शाखा रिजनमध्ये वसुलीत वरच्या पाचांत होती.

हे साहेब बदलून गेले. पाठोपाठ कोरोना आला आणि व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची आढावा बैठक, आली.

त्याआधी आढावा बैठकीसाठी महिन्यातून एकदा कोल्हापूरला जावं लागे. तिथेही बोलणी बसत, पण जेवणाच्या सुट्टीत चार मॅनेजर एका टेबलावर बसत, एकमेकांच्या अडचणी कळत, कुणी कुणाला मार्ग सुचवे. (परतताना एसटी स्टँडवरची मिसळ ठरलेलीच. ते अर्ध्या तासाचं बोलणं कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त उपयोगी होतं असं मी आजही म्हणेन.) 2020 पासून बैठक मोबाइलवर आली. येण्याजाण्याचा खर्च नाही म्हणून महिन्याची आठवड्याला झाली, आठवड्याची रोजची. वेळ संध्याकाळी साडेसहा. म्हणजे कॅश टॅली करून, डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद) करून माणूस घरी जायला उठणार, नेमका तेव्हा.

पडद्यावर शाखांची यादी येते. तळातल्या दहा शाखा लाल रंगात. वाचन खालून सुरू होतं. नाव घेतलं की माइक सुरू करायचा, आणि साठ-सत्तर जणांसमोर ऐकून घ्यायचं. "तुम्हाला पगार कशाचा मिळतो?" "जमत नसेल तर सांगा, गडचिरोलीला जागा रिकामी आहे." माझा एक सहकारी, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी धाकटा, जत भागातल्या शाखेत होता. पाच माणसांच्या शाखेत तीनच जण, त्यातला एक आजारी. एका संध्याकाळी त्याने हे शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. त्याला मधेच तोडून विचारलं गेलं, "कारणं नकोत, आकडा सांगा, उद्या किती?" तो म्हणाला, "पंचवीस, सर." त्या शाखेत एका दिवसात पंचवीस खाती होणार नाहीत, हे विचारणाऱ्याला माहीत होतं, सांगणाऱ्याला माहीत होतं आणि ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांनाही. त्याचा कॅमेरा सुरूच होता. मागच्या कपाटावर त्याचा जेवणाचा डबा तसाच बंद दिसत होता. त्याला मधुमेह आहे.

भीतीच्या कारभारात खोटा आकडा असा तयार होतो. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. मीही हेच केलं आहे, आणि ते लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

अटल पेन्शन योजना 2015 मध्ये आली. योजना चांगली आहे, गरिबाला साठीनंतर खात्रीचं पेन्शन मिळतं. पण शाखांना तिचे 'लॉगिन डे' आले, म्हणजे अमुक तारखेला अमुक इतकी खाती झालीच पाहिजेत. अशाच एका दिवशी माझ्या शाखेने बचत गटाच्या बायकांना बोलावून 43 खाती केली. फॉर्मवर सह्या, अंगठे घेतले. योजना समजावून सांगायला एकेकीला पंधरा मिनिटं लागली असती, आम्ही दोन दिली. पुढच्या महिन्यात माझा विभागीय कार्यालयात सत्कार झाला, शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र.

चार-पाच महिन्यांनी त्यातलीच एक बाई पासबुक घेऊन आली. मंडईत भाजी विकणारी, वय 38. त्या वयाला 1,000 रुपयांच्या पेन्शनसाठी महिन्याला 240 रुपये हप्ता बसतो. खात्यात पैसे नसल्याने तीन हप्ते थकले होते. मुलाच्या फीसाठी तिने 1,000 रुपये भरले आणि यंत्रणेने थकलेले तिन्ही हप्ते दंडासह वळते करून घेतले. राहिले जेमतेम 270. ती ओरडली नाही. पासबुकावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, हे कुठं गेलं तेवढं सांगा." मी तिला योजना तेव्हा पहिल्यांदा नीट समजावली, वीस मिनिटं. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर ते प्रशस्तिपत्र होतं. फी मी भरली, पण त्याने काही फिटत नाही. 43 पैकी किती खाती वर्षभरानंतर चालू राहिली, हे मला वरून कुणीही कधी विचारलं नाही.

जनधन खात्यांच्या बाबतीतही देशाने हेच पाहिलं. शून्य शिल्लक असलेल्या खात्यांची संख्या कमी दिसावी म्हणून बँक कर्मचारीच त्यात एकेक रुपया भरत होते, हे 2016 मध्ये वर्तमानपत्रांतून उघड झालं. कर्मचाऱ्याला स्वतःच्या खिशातला रुपया घालून खोटं बोलावंसं का वाटलं असेल, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

हा आपल्याकडच्या सरकारी कारभाराचाच दोष आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण आठवावं. एका ग्राहकाच्या गळ्यात आठ प्रकारची उत्पादनं मारायची, 'एट इज ग्रेट' अशी घोषणा. रोजचा आढावा, रोजची बोलणी. परिणाम असा की, कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता 20 लाखांच्या आसपास खाती आणि कार्डं उघडल्याचं सप्टेंबर 2016 मध्ये बाहेर आलं. साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे 5,300 जणांच्या नोकऱ्या गेल्या, त्यातले बहुतेक खालचे. प्रमुख जॉन स्टम्फ यांना पुढच्याच महिन्यात पायउतार व्हावं लागलं, आणि 2020 मध्ये बँकेला सरकारशी तडजोडीपोटी आणखी 300 कोटी डॉलर मोजावे लागले. ज्यांनी टार्गेट ठरवली त्यांना वर्षानुवर्षं सुंदर आकडे दिसत होते. वाईट बातमी वर पोचवायची कुणाची हिंमतच नव्हती, मग दुसरं काय दिसणार?

ओरडणाऱ्या साहेबांना मी दुष्ट मानत नाही. त्यांतल्या काहींना मी प्रोबेशनरी ऑफिसर असल्यापासून ओळखते, चांगल्या घरची, हुशार मुलं होती. त्यांची व्हीसी आमच्या आधी, साडेपाचला असते. तिथे त्यांना जे ऐकावं लागतं तेच ते साडेसहाला आम्हाला ऐकवतात. जून 2023 मध्ये एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याचा बैठकीत कर्मचाऱ्यांवर खेकसतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. बँकेने त्याला निलंबित केलं आणि विषय मिटला. त्या माणसाच्या वरची व्हीसी कशी चालते, हे कुणी पाहिलं नाही. आणि वरून आलेलं स्वतःपाशीच थांबवणारा साहेब, जसे आमचे 2019 चे साहेब होते, त्याला बढतीच्या मुलाखतीत त्याचे किती गुण मिळतात? माझ्या माहितीत तरी शून्य.

जुलै 2024 मध्ये पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेल्या 26 वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशाने वाचलं. त्यात कामाच्या बोज्याइतकंच, नाही म्हणायची सोय नसण्याबद्दल होतं. जुलै 2025 मध्ये बारामतीत एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुख्य व्यवस्थापकाने कामाच्या ताणापायी शाखेतच आयुष्य संपवलं. त्याआधी काही दिवस त्यांनी प्रकृती आणि कामाचा बोजा ही कारणं देऊन नोकरी सोडण्याचा अर्ज केला होता. ही बातमी वाचून मी दिवसभर सुन्न होते. त्या खुर्चीत मी बसले आहे. असा अर्ज टेबलावर आला की आमच्याकडे काय होतं हे मला माहीत आहे. त्याला आवक क्रमांक पडतो, तो 'योग्य मार्गाने' पुढे जातो, आणि नोटीस पीरियड मोजायला सुरुवात होते. अर्ज करणाऱ्याला फोन करून "काय झालं, येऊ का भेटायला?" असं विचारायची पद्धत आमच्या कुठल्याही परिपत्रकात नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. आढावा कार्यालयीन वेळेत घ्या, पाचनंतर नको. तळातल्या शाखांची नावं सगळ्यांसमोर वाचू नका. त्या मॅनेजरशी एकट्याशी बोला, आणि पहिला प्रश्न माणसं किती आहेत हा विचारा. योजनेची खाती उघडली त्या दिवशी मोजू नका, वर्षाने मोजा. रिजनल मॅनेजरने महिन्यातून एक अख्खा दिवस एखाद्या शाखेच्या काउंटरवर काढावा, तोही न कळवता. त्याच्या हाताखालच्या किती जणांनी बदली मागितली, किती जणांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, हे त्याच्या बढतीच्या कागदात आलंच पाहिजे. आणि प्रकृतीचं कारण देऊन कुणी नोकरी सोडू पाहत असेल, तर त्याच दिवशी वरिष्ठाने स्वतः फोन करावा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. आपल्या वाचकांत बँकांचे, विमा कंपन्यांचे, आयटीतले वरिष्ठ अधिकारी नक्कीच असतील. त्यांनी निदान पहिली गोष्ट उद्यापासून करून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जतकडचा तो सहकारी अजून नोकरीत आहे. आता दुसऱ्या जिल्ह्यात, मोठ्या शाखेत. परवा त्याच्या तब्येतीची चौकशी करायला सव्वासातला फोन केला. त्याने उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, नंतर करतो. माझं नाव यायचंय अजून."

आपली,
एक निवृत्त शाखा व्यवस्थापक,
सांगली