पेनी वितळवण्यावरची बंदी उठवा

संपादक महोदय,

नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने चलनातली शेवटची पेनी (अमेरिकेचं एक सेंटचं नाणं) पाडली, तेव्हापासून इथल्या आमच्या मराठी मंडळींत ‘जुन्या पेन्या साठवा, तांबं विका’ हा विषय जोरात आहे. १९८२ पूर्वीची पेनी ३.११ ग्रॅमची, ९५ टक्के तांब्याची. नुसत्या तांब्याचेच दोन सेंटांच्या वर होतात. नंतरची अडीच ग्रॅमची, जस्तावर तांब्याचा मुलामा. मीही बँकेतून पेन्यांच्या गुंडाळ्या आणून निवडत बसतो. खुद्द १९८२ ची मात्र साल वाचून ओळखता येत नाही, दोन्ही प्रकार निघाले होते. ती काट्यावरच टाकायची. किंवा टेबलावर आपटायची: तांब्याची खणखणते, जस्ताची बद्द वाजते. (घरात आता मला भंगारवाला म्हणतात.)

पण वितळवायला २००७ च्या नियमाने बंदी! दहा हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. सुटे म्हणून पेन्या खिशातून देशाबाहेर न्यायच्या त्याही पाच डॉलरपर्यंतच. वितळलेल्या नाण्यांची भरपाई करदात्यांच्या पैशातून करावी लागेल, हे तेव्हाचं कारण. आता नवी पाडायचीच नाहीत, तर भरपाई कसली? बंदी पेनीपुरती तरी उठवावी.

– एक वाचक, न्यू जर्सी