अण्णा, तुम्ही माझा भाता मारलात त्याबद्दल

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

वर्षानुवर्षे मैफलीत पेटीची (हार्मोनियमची) साथ करणाऱ्या माणसाला रियाज कसा करावा हे कोणी सांगत नाही. त्याचा हात तयार आहे, असे सगळेच धरून चालतात. माझ्या द्रुत ताना स्वच्छ निघत होत्या, परंतु विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात गायकामागून जाताना स्वर सुटे सुटे, ठोकल्यासारखे वाजत. हे गाऱ्हाणे घेऊन मी ज्या नामवंतांकडे गेलो, त्यांपैकी एकांनी आणखी पलटे (सरावाचे स्वरक्रम) लिहून दिले आणि दुसऱ्यांनी पुढच्या कार्यशाळेचे शुल्क सांगितले. वाजवून दाखव, असे दोघांपैकी कोणीही म्हटले नाही.

तुम्ही मात्र मारवा राग वाजवायला सांगितलात, थोडा वेळ ऐकलेत, मग पेटीच्या पलीकडे येऊन बसलात आणि माझा डावा हात हलकेच दूर करून स्वतः पेटीला हवा पुरवणारा भाता मारू लागलात. उजवा हात माझाच होता, तरीही निषादावरून कोमल रिषभावर जाताना आवाज तुटला नाही, कारण आधीची पट्टी सुटायच्या बेताला तुम्ही हवा किंचित सैल केली होती आणि पुढचा स्वर उमटल्यावर ती पुन्हा भरली होती. उपदेश करणारे ज्येष्ठ पुष्कळ भेटतात. तुमच्या वयाच्या आणि अधिकाराच्या माणसाने शिष्यही नसलेल्या कोणासाठी भाता मारत बसावे, हा सौजन्याचा प्रकार मी तोवर पाहिला नव्हता.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म अंतर) जुळत नाहीत, असे आक्षेप घेऊन १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षे टिकली. त्या आक्षेपांत तथ्य आहे, हे तुम्ही कधी नाकारत नाही, आणि म्हणूनच बहुधा तुमचा रियाज बोटांच्या वेगापेक्षा स्वरांमधल्या जागेवर अधिक चालतो. एकच स्वर कमीजास्त न होऊ देता धरून ठेवणे, बंदिश आधी गुणगुणून मग पट्ट्यांवर उतरवणे, पी. मधुकर किंवा गोविंदराव पटवर्धन या पेटीवादकांचे ध्वनिमुद्रण लावून आपण गप्प बसणे, हे सारे मी आता रोज करतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनासाठी नगमा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी तीच तीच धून, धरण्याचे काम पूर्वी मला कंटाळवाणे वाटे; त्यात भात्याचा समतोल जितका कसाला लागतो तितका दुसऱ्या कशातही लागत नाही, असे आता माझे मत आहे.

काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज मानून, जो मारवा जमतो, तो पांढरी चारमध्ये अजून जमत नाही, कारण तिथे पट्ट्यांची ठेवण बदलते आणि अंगठा उशिरा पोचतो. दिवाळीनंतर येईन तेव्हा तो ऐकवीन. तुम्ही लगेच दुसऱ्या पट्टीला षड्ज धरायला सांगाल हे ठाऊक असल्यामुळे पांढरी पाचचीही तयारी ठेवतो आहे.

आपला नम्र,
एक पेटीवाला